उजव्या खांद्यावरचा पदर

गच्चीत दोरीवर पांढरी चादर वाळत असली आणि ऊन तिच्या पलीकडून येत असलं, की हातातली बादली खाली ठेवून मी थोडा वेळ नुसती उभी राहते. पलीकडून कुणी गेलं तर त्याची सावली चादरीवरून अलगद सरकते, वाऱ्यानं कापड फुगलं की सावलीलाही पोट येतं, वारा पडला की ती पुन्हा लुकडी होते, आणि हे पाहता पाहता कुठूनसा ओल्या मांजरपाटाचा वास येतो. ही चादर साबणाच्या वासाची, यंत्रातून पिळून निघालेली. तो वास तिचा नव्हे. तो भाद्रपदातला आहे, साताऱ्याचा, आणि त्याच्या आत कुठंतरी लक्ष्मीकांत बेर्डे आहे.

आमच्या पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी गणपतीचा मांडव पडायचा. दहा दिवसांतली एक रात्र सिनेमाची. रस्त्याच्या मधोमध दोन वासे रोवून त्यांना मांजरपाट ताणून बांधायचं, पलीकडे टेबलावर सोळा मिलिमीटरचं यंत्र, त्याची ती न थांबणारी टरटर, रीळ बदलताना पडणारा अंधार आणि त्या अंधारात पोरांच्या शिट्ट्या. पडद्यासमोरची जागा संध्याकाळपासूनच पोती आणि सतरंज्या टाकून अडवलेली असायची. आम्हाला मिळायची मागची बाजू, मारुतीच्या देवळाचा कट्टा. खरं तर मिळायची असं म्हणणं चूक आहे. आत्याला तीच आवडायची. माझा हात धरून ती कट्ट्यावर चढायची, पाय पोटाशी घेऊन शालीत गुरफटून बसायची आणि शालीचं एक टोक माझ्या डोक्यावरून ओढून घ्यायची. यवतेश्वराच्या बाजूनं वारा यायचा. त्यात पावसाचे चार थेंब असायचेच.

मागच्या बाजूनं सिनेमा उलटा दिसतो. सुरुवातीची नावं आरशातल्यासारखी, त्यामुळे कुणाचं नाव काय ते आम्हाला कधी वाचता आलं नाही. माणसं डाव्या हातानं जेवायची, डावा हात पुढे करून नमस्काराला वाकायची, दारं भलत्या बाजूला उघडायची. सगळं जगच डावखुरं. पण उजेड मात्र मागच्या बाजूला वेगळाच पडे. कापडातून झिरपून आलेला, थोडा मऊ झालेला, दुधात पाणी घातल्यासारखा. पडदा वाऱ्यानं आमच्याकडे फुगला, की पडद्यावरचा चेहरा आमच्या दिशेनं पुढे यायचा, जणू त्याला काही सांगायचं आहे आणि ते समोरच्यांना ऐकू जायला नको आहे.

त्या वर्षीचा सिनेमा होता ‘अशी ही बनवाबनवी’. तो 1988 साली आला. आमच्या बोळापर्यंत पोचायला त्याला एखादं वर्ष लागलं असावं. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून दोघंजण बायकांचं सोंग घेतात ही गोष्ट मला आधीच पाठ झाली होती, कारण शाळेत सगळे त्याबद्दलच बोलत. आणि मग परशुरामाची पार्वती झाली. लुगड्यातला लक्ष्मीकांत कापडावर उभा राहिला, पुढून हशाचा एक लोंढा उठला, आणि आत्या माझ्या कानाशी म्हणाली, ‘अगं, हिनं पदर उजव्या खांद्यावर घेतलाय बघ. गुजरातणीसारखा.’ मग तिचं तिलाच उमगलं आणि ती तोंडाला शाल लावून हसली. समोर बसलेल्या साऱ्या पेठेला त्याचा पदर डाव्या खांद्यावर दिसत होता. आम्हा दोघींनाच तेवढा उजव्या.

ते हसू मी अजून ऐकू शकते. ते पुढच्या बाजूला फुटायचं, कापडाला लागायचं आणि गाळून आमच्याकडे यायचं. आमच्यापाशी येईतो त्यातला कल्लोळ पलीकडेच राहिलेला असे, नुसती ऊब उरलेली असे. त्या उबेत बसून आत्या त्याच्याकडे एकटक बघत होती. घरमालकिणीसमोर पार्वतीचं सोंग उघडं पडायची वेळ येते, त्याचे डोळे मोठे होतात, आवाज चिरकत वर वर जातो, हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचत नाही. सगळा रस्ता लोळत होता. आणि आत्या पुटपुटली, ‘किती घाबरलंय गं लेकरू.’

नऊ वर्षांच्या मला त्यातलं काय कळणार. पण वाक्य राहिलं. पुढे त्याचा कुठलाही सिनेमा लागला की ते वाक्य माझ्याआधी येऊन बसायचं. आता इतक्या वर्षांनी वाटतं, की त्याच्या विनोदाबद्दल याहून खरं काही मी कुठं वाचलेलं नाही. अशोक सराफ विनोद करतात तेव्हा प्रसंगाचा कासरा त्यांच्या हातात असतो. ते थांबतात, एक भुवई उचलतात, आणि आपण त्यांच्या मागून जातो. लक्ष्मीकांतच्या हातात कासरा नसायचाच. तो प्रसंगानं ओढला जात असायचा, फरपटत, अडखळत, तोंडानं अखंड बडबड करत, कारण बडबड थांबली तर कुणाच्या तरी लक्षात येईल की हा इथला नाही, याला इथून उठवायला हवं. खोली जाईल, नोकरी जाईल, सोंग कळेल. त्याच्या सगळ्या हास्याच्या मुळाशी ही भीती आहे, आणि ती गरिबाघरच्या पोराची भीती आहे. लहानपणी त्यानं घराला हातभार म्हणून लॉटरीची तिकिटं विकली होती. मला त्यात नवल वाटत नाही. कुणीतरी थांबावं, वळून बघावं, म्हणून आवाज कसा वर न्यायचा हे रस्त्यावर उभं राहून तिकिटं विकणाऱ्याला कळतं.

आणि अभिनयाची गोडीही त्याला गणपतीच्या मांडवातच लागली. गिरगावातल्या गणेशोत्सवातली नाटकं, मग शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा, मग मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी आणि त्या जोडीनं मिळतील ती लहानसहान कामं. नोकरी करता करता विंगेतून त्यानं किती नाटकं पाहिली असतील! विंगेतून, म्हणजे तोही आडव्या बाजूनंच बघणारा. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’नं त्याचं नाव झालं, ‘लेक चालली सासरला’मधून तो पडद्यावर आला, आणि महेश कोठारे यांच्या 1985 च्या ‘धूमधडाका’नंतर त्याला आडनावानं हाक मारायची गरज उरली नाही. लक्ष्या. घरातल्या धाकट्या मुलाला मारावी तशी हाक. एवढं प्रेम महाराष्ट्रानं फार थोड्यांवर केलं असेल. धाकट्याला घरात सगळे हसून जवळ घेतात, पण गंभीर बोलणं निघालं की त्यालाच म्हणतात, तू बाहेर जाऊन खेळ.

हे सांगताना आत कुठंतरी टोचतं, कारण तसं म्हणणाऱ्यांत मीही होते.

1992 साली ‘एक होता विदूषक’ आला. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत, आणि पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, ज्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी ‘गुळाचा गणपती’ करून सिनेमाकडे जवळजवळ पाठ फिरवली होती. तमाशाच्या फडात जन्मलेला आबूराव नावाचा सोंगाड्या, तो लोकांना हसवत हसवत सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणाच्या दारापर्यंत पोचतो, आणि त्याची स्वतःची पोर हसत नाही. त्याच्यासमोर निळू फुले होते. मला हे फार लागतं. लोकनाट्याच्या फडावर अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या निळूभाऊंना सिनेमानं पाटलाच्या फेट्यात आणि खलनायकीत बसवलं, आणि लक्ष्मीकांतला हसण्यात. त्या चौकटीत दोघं शेजारी उभे राहतात तेव्हा एकमेकांच्या हातून निसटलेल्या भूमिका ते एकमेकांच्या चेहऱ्यावर वाचत असतील का, असं मनात येऊन जातं.

बाबांनी मला तो सिनेमा दाखवायला नेलं. गावातल्या एका टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाला. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. लक्ष्मीकांत पडद्यावर आल्याबरोबर आमच्या पुढच्या रांगेतली मुलं हसली. त्यानं अजून काही केलंही नव्हतं. हसू तयार ठेवूनच ती आली होती, खिशात सुटे पैसे ठेवावेत तसं. मीही हसले. मग हळूहळू ते हसू कुठं ठेवावं ते कळेना. पडद्यावरचा माणूस आमच्या ओळखीचा दिसत होता आणि नव्हता. तो गप्प बसत होता. गप्प बसलेला लक्ष्या आम्ही कधी पाहिलाच नव्हता. मध्यंतरानंतर लाकडी खुर्च्या वाजू लागल्या, खाड, खाड, एकेक जण उठताना. एका प्रसंगात त्याचे डोळे भरून आले आणि मागून कुणीतरी खिदळलं, नुसत्या सवयीनं. परतताना मी बाबांना रागानं म्हणाले, ‘पण यात लक्ष्या कुठं होता?’ बाबा काही बोलले नाहीत. सायकलच्या घंटीवर उगाच अंगठा फिरवत राहिले.

बारा वर्षांची होते. पण वयानं सूट मागावी असं वाटत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. थेटरांत तो फारसा चालला नाही. आणि पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, ‘झपाटलेला’ आला आणि पुन्हा सगळीकडे लक्ष्याच लक्ष्या झालं. रामदास पाध्ये यांच्या हातचा तो बाहुला, तात्या विंचू. गुंडाचा जीव बाहुल्यात अडकलेला आणि त्याला सुटकेसाठी लक्ष्याचंच शरीर हवं. मी तो सिनेमा चार वेळा पाहिला. आता पुन्हा पाहते तेव्हा बाहुल्याचं भय वाटत नाही. त्या पोराचं वाटतं, जो घसा कोरडा करून सांगतोय की हा बाहुला जिवंत आहे, आणि कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, कारण लक्ष्या बोलतोय म्हणजे गंमत असणार. किती नकळत त्या सिनेमानं त्याचीच गोष्ट सांगून टाकली! 2013 साली दुसरा भाग निघाला तेव्हा बाहुला परत आला. ज्याच्या अंगात त्याला शिरायचं होतं तो माणूस तेव्हा उरला नव्हता.

हिंदीत तो ‘मैंने प्यार किया’मध्ये दिसला, ‘हम आपके हैं कौन’मध्ये दिसला, मनोहर, लल्लू. मोठ्या घरातला नोकर, सगळ्यांच्या प्रेमाचा, सगळ्यांच्या मागे उभा. लग्नाच्या त्या भरगच्च सिनेमात चौकटीच्या कडेला मी त्याला शोधत बसते. मालकांच्या घरात दुःख येतं तेव्हा कॅमेरा मालकांच्या चेहऱ्यांवर फिरतो आणि जाता जाता अर्धा क्षण त्याच्यावरून जातो. त्या अर्ध्या क्षणात त्याच्या चेहऱ्यावर जे असतं त्यावर एक अख्खा सिनेमा उभा राहिला असता. पण कॅमेऱ्याला पुढे जायचं असतं.

16 डिसेंबर 2004. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, खानावळीत जेवायचे. कोपऱ्यातल्या उंच फळीवरच्या टीव्हीवर बातमी होती: लक्ष्मीकांत बेर्डे यांचं निधन. पन्नास वर्षांचा होता. मूत्रपिंडाचा आजार. बातमी सांगून झाली आणि त्याचे प्रसंग दाखवायला लागले, अर्थातच तेच, धावपळीचे, चिरक्या आवाजाचे, लुगड्यातले. ताटांवरून माना वर झाल्या. आणि माणसं हसली. खरंच हसली, घास तोंडात असताना, डोळ्यांत पाणी येईतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण कशावर हसतोय, आणि एकेक करून सगळे पुन्हा पोळी मोडू लागले. वाढणाऱ्या मावशी हातात आमटीचं भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या. मला त्या हसण्याचा राग आला नाही. त्याच्यासाठी आमच्याजवळ तेवढंच नाणं होतं. दुसरं आम्ही कधी पाडूच दिलं नव्हतं.

त्याच वर्षी ‘श्वास’ साऱ्या देशात गाजत होता. आजोबा आणि नातू, एक इस्पितळ, नातवाचे जाणारे डोळे. ज्या मराठी सिनेमाची वाट लक्ष्मीकांतनं ‘विदूषक’च्या वेळी बारा वर्षं आधी चाचपून पाहिली होती, ती वाट अखेर उजळत होती, आणि त्या उजेडात त्याला जाता आलं नाही. अरुण नलावड्यांनी तो आजोबा इतका खरा केला की त्या जागी दुसऱ्या कुणाचा विचारही करवत नाही. पण पुढच्या वर्षांत असे किती बाप, किती मामा, किती साधी माणसं पडद्यावर आली! ‘झपाटलेला’तला तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर दोनच वर्षांत ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये गांधीजी झाले आणि कुणालाही ते खटकलं नाही. चेहऱ्याला जुन्या ओळखीतून सुटायला थोडा काळ लागतो. लक्ष्मीकांतला तेवढाच मिळाला नाही.

कधी कधी रात्री झोप येत नसली की मी त्याच्यासाठी एक भूमिका रचत बसते. निवृत्त एसटी कंडक्टर. सत्तरीचा. सातारा स्टँडवर बाकावर बसलाय, मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीसाठी केलेली कसली तरी वडी. लेक मुंबईला. गाडी लागते, सुटते. तो उठत नाही. समोरून कंडक्टर जातो तेव्हा याचा अंगठा आपसूक बोटांवर फिरतो, नोटा मोजल्यासारखा. कुणी विचारलं, ‘आजोबा, कुठं जायचंय?’ तर तो भराभर खूप काहीतरी सांगतो, गाडीचा नंबर, घाटातली वळणं, कुठल्या साली कुठं दरड कोसळली होती ते, आणि ऐकणाऱ्याला हसू येतं. आणि सांगता सांगता त्याचा आवाज तसाच चिरकत वर जायला लागतो, ते डोळे तसेच मोठे होतात, आणि मध्येच तो थांबतो. कारण लेकीनं ये म्हटलेलं नाही हे त्याला आठवतं. त्या थांबण्यापर्यंत मी पोचते आणि पुढे जाता येत नाही. तो चेहरा मला दिसतो, पण पांढऱ्या केसांत दिसत नाही. पन्नाशीतच थांबलेला चेहरा. त्याला म्हातारा करायचं धाडस माझ्या डोळ्यांना होत नाही.

‘एक होता विदूषक’ मी पुन्हा पाहिला तो आत्याबरोबर, माझ्या घरी, टीव्हीवर. आत्या तेव्हा थकली होती, कानांनी कमी ऐकू यायचं. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, खोलीत आम्ही दोघीच. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. न हसणाऱ्या लेकीसमोर तो बाप बसला तेव्हा आत्यानं शाल सावरली. मला वाटलं ती काही म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. सिनेमा संपल्यावर मात्र तिनं मला जवळ बोलावून विचारलं, ‘हा तोच ना गं, उजव्या खांद्याचा?’

हो म्हटलं. तोच.

त्या रात्री, म्हणजे बनवाबनवीच्या रात्री, सिनेमा संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते. यंत्राची टरटर थांबली की एकदम रातकिडे ऐकू आले. लोक पोती झटकत उठले, तेच तेच संवाद एकमेकांना ऐकवत बोळाबोळांत पांगले, त्यांचं हसू दूर दूर जात राहिलं. मंडळाच्या पोरांनी पडद्याच्या गाठी सोडल्या आणि घडी घालायला चार हात हवे म्हणून आत्याला हाक मारली. दोन टोकं तिनं धरली, दोन मी. कापड माझ्या हाताला जड लागलं, पावसाच्या थेंबांनी आणि दवानं भिजलेलं. तिच्याकडे जायच्या आधी मी मधोमध थांबले आणि जिथं मघाशी त्याचा चेहरा होता तिथं तळहात टेकवून पाहिला.

‘काय बघतेस?’ आत्यानं पलीकडून विचारलं.

‘गार आहे,’ मी म्हणाले.

‘ये इकडं,’ ती म्हणाली, ‘टोकाला टोक जुळव.’